चार तासांचं विमान

“चार तासांचं तर विमान आहे. पोराला आत्ता कळवलं की पहाटे मॉस्कोहून येऊन दारात उभा राहील,” कालमामात म्हणाला आणि धाकट्या भावाचं दफन त्यानं दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर ठरवूनही टाकलं. अंगणात दुखवट्याचा, जाड लोकरी नमद्याचा तंबू उभा राहत होता. आम्ही शेजारी दोऱ्या ओढत होतो. हा धाकटा, तोलोगोन, सकाळी गोठ्यात कोसळला तो उठलाच नव्हता.

“फोन तू कर, बुसायरा. पण गेला म्हणायचं नाही. आजारी आहे, ये, एवढंच,” कालमामात भावजयीला म्हणाला.

“भावजी, खरं सांगू द्या ना. नाहीतर तो नाही यायचा.”

“परक्या मुलखात एकट्या पोराला बाप गेल्याचं फोनवर सांगतात होय? आपल्यात कधी झालंय असं? कळेल त्याला.”

‘आजारी आहे, ये’ म्हणजे माणूस गेला, हे आमच्या ओश शहरात कुणालाही कळतं. पण या घरात ते वाक्य वापरून वापरून झिजलं होतं. पोराची आठवण आली की तोलोगोन बायकोला फोन करायला लावायचा, छातीत दुखतंय म्हण. एकदा एर्नाझार मॉस्कोहून खरंच धावत आला, तर हा बाबा अंगणात मजेत मेंढी सोलत होता. पोराची तिकडची नोकरी तेवढी गेली. कालमामातला हे सगळं ठाऊक होतं, पण थोरलेपणा सुटेल तर शपथ! आणि बुसायरानं जन्मात कधी थोरल्या दिराचा शब्द मोडला नव्हता.

तिनं फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

“एर्नाझार, बाबांना बरं नाही रे. ये.”

“आई, पुन्हा?” तो हसला. “या खेपेला काय, छाती की कंबर?”

“खरंच रे या वेळी. चार तासांचं तर विमान.”

“विमान चार तासांचं आहे गं, सुट्टी कोण देणार? दे बाबांना फोन, मीच बघतो त्यांच्याकडे.”

बुसायरानं दिराकडे पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

“झोपलेत,” ती म्हणाली.

“बघ! दुखणाऱ्याला अशी झोप लागते काय? झोपू दे.”

नंतर त्याचा फोन लागलाच नाही. पहाटेचं मॉस्कोचं विमान वेळेवर उतरलं. कालमामात स्वतः विमानतळावर गेला आणि एकटाच परत आला. दुपारी आम्ही तोलोगोनला मातीत ठेवून आलो. मला त्या म्हाताऱ्या कालमामातचा इतका राग आला होता की त्याच्या हातचा चहासुद्धा मी घेतला नाही.

हात धुऊन तंबूत टेकतो न टेकतो तोच बुसायराचा फोन वाजला.

“आई, मुकादमाला पटवलं एकदाचं! शुक्रवारी निघतो. बाबांना सांग.”

सांगून टाकण्यासाठी आता कालमामातनं हात पुढे केला. बुसायरानं फोन दिला नाही.

“सावकाश ये, बाळा. आता घाई नाही.”

एर्नाझारनं अगदी हळू विचारलं,

“आई, काल ते झोपले होते ना?”

“हो,” बुसायरा म्हणाली.

कालमामात उठून तंबूबाहेर गेला.