दहापैकी चार

यायत दर रविवारी दुपारी इंडोनेशियातल्या बांडुंगच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर तासभर मतं द्यायचा. केंद्र छापखान्याच्या माळ्यावर होतं, आवाज शहर आणि जवळच्या डोंगरापलीकडे पोचत नसे. पण मतं अशी ठणकावून, की जणू जगातले सगळे गिटारवाले कान लावून बसलेत. नवे रॉक अल्बम, नवे सिनेमे आणि त्यांच्यावर वर्तमानपत्रांनी लिहिलेला पालापाचोळा, सगळ्यांचा समाचार व्हायचा.

"गायकाच्या घटस्फोटावर अर्धं पान, आणि गिटारवर एक ओळ नाही! याला अल्बम ऐकायला पाठवलं होतं की वऱ्हाडाची चौकशी करायला?"

ऐकणारे किती, देव जाणे. फोन करणारी मात्र एकच उरली होती, लेंबांगच्या डोंगरावर कोबी पिकवणारी नीनिंग. तिकडच्या आदराच्या रीतीने ती त्याला कांग, म्हणजे दादा, म्हणे आणि तो तिला तेतेह, म्हणजे ताई. भेट कधीच नाही. यायत जे गुण देई, त्यातला अर्धा गुण ती नेमाने कापायची.

"सात? साडेसहा, कांग. ड्रम फार बडवलाय."

"तेतेह, कोबीपण असाच सोलता का? पान पान काढत?"

"वरची पानं किडकीच असतात. तुमच्या कौतुकासारखी."

एवढं बोलणं त्याला आठवडाभर पुरायचं. इकाह, त्याची बायको, जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगी बाताम बेटावर नोकरीला. घरात आवाज काढणारं एकच, म्हातारा टेपरेकॉर्डर. त्यावर तो फक्त नव्या कॅसेटी लावायचा. जुन्या कॅसेटी इकाहबरोबर ऐकलेल्या, त्यांच्या कपाटाला त्याने हातच लावला नव्हता.

मध्ये एकदा नीनिंगने विचारलं होतं, "सिनेमांना सात-आठ देता. मग अल्बमच सगळे थकलेले कसे वाटतात हल्ली?"

"वय झालं, तेतेह."

"कुणाचं? अल्बमचं?"

मग 'थंड लाव्हा' परत आले. दोघांच्याही तरुणपणीचा बँड, वीस वर्षं गप्प होता. नवा अल्बम फक्त कॅसेटवर काढला, कारण तीच आता पुन्हा फॅशन. शिवाय शहरात जलसा ठेवलेला.

"आमच्या डोंगरावर कॅसेट पोचायची नाही," नीनिंग फोनवर म्हणाली. "मी तुमच्या शब्दावर. आठ दिलेत तर खाली उतरते. दोन तिकिटं काढते. आणि दुसरं कुणाचं ते विचारू नका, रेडिओ चालू आहे."

यायतने नवा शर्ट घेतला. मग कॅसेट लावली.

गायक गोधडीतून गात होता. ड्रम चिखलातून पाय ओढत चालल्यासारखे. त्याने दोन्ही बाजू पुन्हा ऐकल्या. पुन्हा तेच.

आठ म्हणायला काय लागतं? पण अल्बमच्या बाबतीत तो जन्मात खोटं बोलला नव्हता. सासऱ्याच्या लाडक्या गायकाला त्याने लग्नाच्या मांडवात तीन दिले होते. आणि जी बाई आपल्या शब्दावर डोंगर उतरणार, तिला पहिल्याच भेटीला खोटे गुण द्यायचे?

रविवारी त्याने सांगितलं, "दहापैकी चार."

फोन वाजला.

"चार, कांग?"

"थकलेत हो ते, तेतेह. मी तरी काय करू?"

"बरं."

तिने अर्धा गुण कापला नाही. फोन ठेवून दिला.

आठवडा त्याने कसाबसा ढकलला. जलशाच्या दिवशी सकाळी घर इतकं मुकं झालं, की त्याने ते कपाट उघडलं. इकाह कांदा चिरताना म्हणायची ते गाणं लावलं आणि हलकेच सोबत गाऊ लागला. दोन ओळींत तो टेपच्या पुढे पळाला. थांबला, पुन्हा धरलं. पुन्हा पुढे.

टेपरेकॉर्डर काखोटीला मारून तो चिहापित बाजारात टेप दुरुस्त करणाऱ्या उयेह आबांकडे गेला. आबांनी मागचं झाकण काढून आतला रबरी पट्टा बोटावर घेतला.

"हे बघ, किती सैल झालाय. म्हाताऱ्याच्या लेंग्याची नाडी बरी. केव्हापासून असा हळू चालतोय?"

यायतने पट्टा आपल्या बोटावर घेतला. "मला वाटलं, माझंच झालंय तसं."

"तुझंही झालं असेल. पण त्याला पट्टा मिळत नाही."

आबांनी दुकानातली 'थंड लाव्हा'ची कॅसेट आपल्या टेपवर लावली. गायक गोधडी फेकून उठला. ड्रम धावत सुटले. गिऱ्हाईकं बाला-बाला नावाची कोबीची भजी खाता खाता माना हलवू लागली. यायत तोंडावर हात धरून उभा राहिला. वर्षभराचे सगळे बिचारे अल्बम त्याला आठवले.

रविवार उद्या होता, जलसा आज. तिचा नंबर त्याच्याकडे नव्हता. फोन नेहमी तीच करायची.

तो नवा शर्ट घालून गेला. तिकीट एकच. मैदानभर माणसं, त्यात पन्नाशीच्या बायका कितीतरी. त्याला तिचा चेहरा ठाऊक नव्हता, ठाऊक होता फक्त आवाज. आणि आवाज शोधायला तो गावातल्या सर्वांत गोंगाटाच्या जागी आला होता. ती आलीच असेल कशावरून? चारवर कोण डोंगर उतरतं?

पहिलं गाणं संपलं. टाळ्या ओसरल्या तशी यायतने छाती भरून घेतली आणि थेट रेडिओवरच्या आवाजात ओरडला, "आठ!"

आजूबाजूची पोरं हसली. "काका, लिलाव चाललाय का?"

दुसरं गाणं संपलं. "आठ! चार चुकीचे होते! माझी टेप हळू चालत होती!"

कुणी वळलं नाही. तिसऱ्यानंतर त्याचा आवाज बसला, तरी त्याने "आठ" म्हटलंच, शेजाऱ्यालाही जेमतेम ऐकू जाईल असं.

चौथ्या गाण्यानंतर डावीकडून, बऱ्याच मागून, बाईचा आवाज आला.

"साडेसात!"

तिचाच का, ते कळायच्या आत ड्रम सुरू झाले. यायत डावीकडे वळला आणि लोकांची माफी मागत गर्दीत घुसला.