ताईच्या यकृतावरची चरबी

धाकट्या भावाचं यकृत निकामी झालं होतं आणि ताई आपल्या यकृताचा तुकडा द्यायला एका पायावर तयार होती. पण तपासणीनंतर सर्जन म्हणाले, तुमच्याच यकृतावर चरबी आहे, असं यकृत कापता येणार नाही. दोन महिन्यांत सात किलो उतरवा, मग बघू.

आता दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईने सात किलो उतरवायचे म्हणजे काही गंमत नव्हे. ताई रोज सकाळी तासभर चालायला लागली, उकडलेल्या भाज्या नाक मुरडत गिळू लागली आणि गिऱ्हाइकांच्या मापाच्या टेपने स्वतःचीच कंबर मोजू लागली. आणि हा दिवटा! पिवळे डोळे घेऊन रोज दुपारी दुकानात हजर, हातात कधी केक, कधी क्रीमची बिस्किटं. गिऱ्हाइकांसाठी आणलीत म्हणायचा आणि पुडा फोडून तिच्याच पुढ्यात ठेवून जायचा. ताई रागावली, विनवण्या करून झाल्या, शेवटी तिने हात टेकले. त्यातून अधूनमधून तिचाही हात पुड्याकडे जायचाच. तीही माणूसच होती.

दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन झालं. चरबी कमी झाली होती, पण पुरेशी नाही. सर्जननी आणखी तीन आठवडे दिले; त्याहून जास्त वेळ भावाकडेच नाही म्हणाले. ताईने भावाकडे पाहिलं, तर तो चक्क सुटकेचा श्वास सोडत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेरच्या बाकावर त्याला बसवून तिने विचारलं, "मुद्दाम आणत होतास ना?"

त्याने नजर चुकवली. "तुझी दोन पोरं आहेत, ताई. टेबलावर तुला काही झालं तर त्यांनी कुणाकडे बघायचं? माझ्यामागे रडणारं कोण आहे?"

म्हणजे बहिणीला न विचारता हा शहाणा मरायचं ठरवून मोकळा झाला होता! त्याच्या एक कानाखाली द्यावी असं तिला वाटलं आणि तेवढ्यात तिचेच डोळे भरून आले.

"मी," ती म्हणाली. "मी आहे ना रडायला. जन्मभर."

मग त्याने हळूच विचारलं, तीन आठवड्यांत राहिलेली चरबी उतरेल का.

"तू खाऊ घालणं थांबवलंस तर," ती म्हणाली आणि त्याला दंडाला धरून उठवलं.