पाठीवरची निळी पट्टी

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो. गोष्टीचं पुस्तक. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा ते सांगायचं राहून गेलं आणि त्यात एका भल्या माणसाचा डोळा गेला. मला तोंड नाही. असतं तर त्या दुपारी मी घसा फाटेपर्यंत ओरडलो असतो.

माझा लेखक हळवा होता. त्याची आई म्हातारपणी आंधळी झाली होती. तिच्यासाठी त्याने मनानेच एक वैद्य रचला, एक रान रचलं आणि त्या रानात निळ्या फुलांची एक वेल लावली. तिचा चीक डोळ्यांत घातला की आधी आग होते आणि मग उजेड दिसतो, असं त्याने लिहिलं. अशी वेल जगाच्या पाठीवर कुठेही नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्याला ती लिहावीशी वाटली.

चित्रकार मात्र भलताच कामसू निघाला. त्याने वेलीचं मूळ वेगळं काढलं, पान वेगळं, फूल वेगळं, आणि प्रत्येकाला बाण काढून नाव दिलं, अगदी पाठ्यपुस्तकात देतात तसं. माझं कौतुक झालं ते त्या चित्रांमुळेच. पण माझ्या पहिल्याच पानावर एक कासव होतं आणि ते वैद्याशी गप्पा मारायचं. ते वाचून मुलं खुदकन हसायची, ही गोष्ट आहे हे त्यांना आपसूक कळायचं, आणि मग ती खुशाल पुढे वाचायची.

शाळेच्या ग्रंथालयात मी बरीच वर्षं सुखात काढली. हात लागून लागून माझे कोपरे मऊ पडले, शिवण सैल झाली. एक दिवस सुरुवातीची पानं निखळून पडली, कासवासकट. मला बाइंडरकडे पाठवलं. त्याच्या दुकानात पुस्तकांचे ढीग छताला टेकले होते आणि खळीचा आंबूस वास कोंदला होता. हाताखालून जाणारं प्रत्येक पुस्तक वाचायला त्याला कुठली सवड? त्याने उरलेली पानं घट्ट शिवली आणि नवा पुठ्ठा चढवला. माझं नाव पहिल्या पानांबरोबर गेलं होतं, म्हणून पुठ्ठा कोराच राहिला.

परत आलो तेव्हा ग्रंथालयात नव्या बाई होत्या, मुलांवर जीव टाकणाऱ्या. लहान मुलांना गोष्टीचं पुस्तक कुठलं आणि माहितीचं कुठलं हे कळावं म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. गोष्टीच्या पुस्तकाच्या पाठीवर पिवळी पट्टी, माहितीच्या पुस्तकाच्या पाठीवर निळी. मुलं तालात म्हणायची, "पिवळी पट्टी मनातलं, निळी पट्टी जगातलं." बाईंनी मला उघडलं ते नेमकं वेलीच्या चित्रावर. मूळ, पान, फूल, बाण. त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. त्यांनी निळी पट्टी चिकटवली आणि मला वनस्पतींच्या फळीवर उभं केलं, एका बाजूला खतांचं पुस्तक, दुसऱ्या बाजूला बुरशीचं. चुकीच्या लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखा मी तिथे अंग चोरून राहिलो.

बाईंची युक्ती वाईट होती असं मी म्हणणार नाही. पण मुलं पुस्तकाची पाठ बघायला शिकली आणि त्याच्या पोटात काय आहे ते बघायचं विसरली.

मग एक दिवस भिंगरी आली. वर्गात एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिचे आजोबा शिंपी होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि सुईत दोरा आता भिंगरीच ओवून द्यायची. तिच्या आईने पुष्कळ खटपट करून ऑपरेशनची तारीख मिळवली होती. पण आजोबांनी ऑपरेशनची धास्तीच घेतली. जन्मभर कात्री चालवलेला माणूस, पण हत्यार आपल्या डोळ्याला लागणार म्हटल्यावर त्यांचं अवसान गळालं. घास घशाखाली उतरेना. भिंगरीला ते बघवेना. ती कुणालाही न विचारता थेट निळ्या पट्ट्यांच्या फळीकडे गेली, कारण खरं काय ते तिथे मिळतं, असं तिला शिकवलं होतं.

तिने मला चाळलं, आणि वेलीच्या पानापाशी तिचा चेहरा असा उजळला की माझ्या काळजात धस्स झालं. ठेव मला, पोरी, मी मनात म्हणालो. शेजारचं खतांचं ने, बुरशीचं ने, पण मला परत ठेव. तिने मला छातीशी धरलं आणि घरी नेलं.

घरी आजोबांच्या शिलाई मशीनवर ठेवून तिने मला मोठ्याने वाचलं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पुस्तक खरं आहे ना गं?"

"निळी पट्टी आहे, आजोबा."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि त्या दिवशी ते कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. आईला मात्र काही सांगायचं नाही असं आजोबा-नातीचं ठरलं. बरं झाल्यावर तिला चकित करायचं होतं.

मित्रांनो, माझी काय तडफड झाली ते कसं सांगू? वारा यावा, माझी पानं सुटावीत, वेलीचं पान तरी उडून खिडकीबाहेर जावं, असा मी धावा करत होतो. पण बाइंडरने मला इतकं मजबूत शिवलं होतं की एक पान जागचं हललं नाही. ज्या शिवणीसाठी त्याला शाबासकी मिळायची, तिच्यातच मी अडकून पडलो होतो.

भिंगरी मला बगलेत मारून वेल शोधत हिंडली. गोदामामागच्या कुंपणावर तिला निळसर फुलांची एक वेल दिसली. पान खुडताच पांढरा चीक आला. चीक तर कितीतरी झाडावेलींना असतो. पण चित्राशी थोडंफार जुळलं आणि तिने वाटी भरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई कामावर गेलेली. आजोबा खुर्चीत मान मागे टाकून बसले. मी मशीनवर उघडा पडलो होतो. भिंगरीने कापसाचा बोळा चिकात बुडवला आणि त्यांच्या उजव्या डोळ्यात पिळला. आजोबांनी खुर्चीचे हात गच्च धरले. आग होतेय, म्हणाले, पण हाक मारली नाही की पाणी मागितलं नाही. का मागतील? आधी आग आणि मग उजेड, असं माझ्यातच लिहिलं होतं. दोघं धीर धरून बसली होती, आणि तो धीर मी दिला होता.

डाव्या डोळ्यात किती थेंब घालायचे ते बघायला भिंगरी पुन्हा माझ्यावर वाकली. ती एक एक ओळ बोट ठेवून वाचू लागली. "त्या संध्याकाळी रानात एकट्या बसलेल्या वैद्याला आपल्या आईची आठवण आली. ती त्याने मरेपर्यंत कुणालाही सांगितली नाही." तिचं बोट त्या ओळीवरून पुढे सरकलं, मग मागे आलं आणि तिथेच थांबलं.

"आजोबा, त्याने कुणालाच सांगितलं नाही."

"बरं, मग?"

"मग लिहिणाऱ्याला कसं कळलं?"

आजोबांनी मान सरळ केली. उजव्या डोळ्यातून पाणी गळत होतं. "मनाने लिहिलं असेल," ते हळूच म्हणाले.

"मग वेलपण मनानेच लिहिली असेल," भिंगरी म्हणाली आणि तिच्या हातातली वाटी खाली पडली.

तिने घागरीतलं पाणी तांब्या तांब्याने त्यांच्या डोळ्यावर ओतलं, शेजाऱ्यांना हाका मारल्या, रडत रडत रस्त्यापर्यंत धावली. आजोबांना लगेच दवाखान्यात नेलं. पण उजवा डोळा वाचला नाही. डाव्याचं ऑपरेशन पुढे नीट पार पडलं आणि त्या एका डोळ्याने त्यांना दिसू लागलं.

मला शाळेत परत नेलं आणि तिथे एकच हलकल्लोळ झाला. बाई वर्गासमोर रडल्या. आता पट्टी बघून पुस्तक घ्यायचं नाही, आधी त्याला भिंगरीचा प्रश्न विचारायचा, असं त्यांनी मुलांना सांगितलं. मुख्याध्यापक म्हणाले, हे लबाड पुस्तक रद्दीत टाका. मला पोत्यात कोंबलं, निळ्या पट्टीसकट. सगळे माझ्यावर संतापले होते, पण ती पट्टी काढावी हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. रद्दीच्या दुकानातून आणखी कुठल्या मुलाच्या हाती मी लागेन, त्याच्या घरी कुणाचे डोळे अधू असतील, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला. पोत्याच्या अंधारात मी एकच विनवणी करत होतो: फाडायचं तर फाडा, जाळायचं तर जाळा, पण ही पट्टी घेऊन मला कुठे धाडू नका.

रद्दीवाला यायच्या आधी, ऑपरेशन होऊन दिसू लागल्यावर, आजोबा आले, नातीचं बोट धरून. त्यांनी मला मागून घेतलं. बाईंना मान वर करवेना. आजोबांनी खिशातून टाके उसवायचं ब्लेड काढलं, मला डोळ्याजवळ धरलं आणि निळ्या पट्टीची एक एक कड सुटी करत ती अलगद सोलून काढली. पुठ्ठ्याला ओरखडासुद्धा पडू दिला नाही. मग त्यांनी मला भिंगरीच्या हातात दिलं.

"वाच. वैद्याला आई आठवते तिथपासून."

"नको आजोबा. खोटं आहे ते."

"गोष्ट आहे ती. खोटी ही पट्टी होती. वाच."

भिंगरीने हुंदके आवरत वाचलं. आजोबा ऐकत राहिले, आणि पाणी त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून आलं.

आता मी त्यांच्या मशीनवर असतो, मित्रांनो. माझ्या पाठीवर पट्टी नाही, तिचा चिकट डाग तेवढा उरला आहे. तुमच्या हाती माझ्यासारखं एखादं पुस्तक येईल तेव्हा त्याची पाठ बघून थांबू नका. त्याला उघडा आणि विचारा, हे तुला कसं कळलं? ज्याच्याकडे याचं उत्तर असेल ते पुस्तक ते देईल. मला ते देता येणार नाही. तेव्हा समजा की मी गोष्ट आहे, आणि मग माझ्याबरोबर हवं तेवढं हसा, हवं तेवढं रडा. फक्त माझ्यातली वेल शोधायला बाहेर जाऊ नका, एवढंच माझं मागणं आहे.