धुतलेली पिशवी

जांगिलची गाडी कुरणावर पोचली, तेव्हा कुलिपा आत्या नवा रुमाल बांधून तंबूच्या दारातच उभी होती.

"आलीस होय, शहाणे! किती वाळलीस! तुमच्या बिश्केक शहरात खायला घालतात, की नुसतं तपासतातच?"

जांगिल हसली, पण तिचं लक्ष तंबूत होतं. गेल्या उन्हाळ्यात आत्याने जांगिलच्या वडिलांसाठी कुमिसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, बाटली धाडली होती. जांगिलने सहज थोडं आपल्या प्रयोगशाळेत नेलं, आणि त्यातल्या एका जंतूने आतडी सुजलेले उंदीर चक्क बरे केले. पुढे फ्रीज बंद पडला आणि तो जंतू हातचा गेला. आता तो मिळाला तर एकाच ठिकाणी, आत्याच्या कातडी पिशवीत. पिशवी आत्याच्या सासूच्याही सासूची. तिला लाकडाची धुरी द्यायची, जुन्या विरजणावर नवं दूध ओतायचं, पण साबण कधी लावायचा नाही.

पिशवी बाहेर दोरीवर लटकत होती, पांढरीफटक.

"आत्या, हे काय?"

"धुतली! उकळतं पाणी, सोडा, साबण. शास्त्रज्ञ येणार म्हटल्यावर आपली अब्रू नको राखायला?"

"आणि विरजण?"

"दिलं ओतून. दुकानातली विरजणाची पुडी आणली."

"शेजारी कुणाकडे तुझं विरजण असेल?"

"त्यांची केव्हाच प्लास्टिकची पिंपं झाली. तेही पुडीवालेच."

जांगिलने पिशवी हुंगून पाहिली; नुसता साबणाचा वास. आत्यावर ओरडावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडाने ओरडणार? कॉलेजच्या पहिल्याच सुट्टीत ती इथे आली होती, चार बुकं वाचल्याची मिजास घेऊन. पाहुण्यांदेखत आत्याने दिलेला वाडगा तिने मागे सारला होता. "त्या पिशवीत जंतू वळवळतात, आत्या." कुमिस नाकारणं म्हणजे घरच नाकारणं. आत्याने तेव्हा तो वाडगा उचलून दुसऱ्या पाहुण्याला दिला होता. विसरली असेल, असं जांगिल इतकी वर्षं समजत होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आत्याने वाडगा भरून दोन्ही हातांनी पुढे केला. सोड्याने तिची बोटं सोलवटली होती.

"घे. आता एकसुद्धा जंतू नाही. आता तरी पिशील ना, बाळा?"

दुधाला धुराचा वास नव्हता. जांगिलने एका दमात वाडगा तळापर्यंत रिकामा केला.

"कसं झालंय?"

"छान," ती म्हणाली, आणि वाडगा पुन्हा पुढे केला.