मिठाच्या पाण्याचा अर्धा वाटा

सरकारला आपल्याकडून कर्ज हवे आहे, ही बातमी खेमसिंग नायकाला प्रथम थट्टेची वाटली. त्याच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून अर्धा मुलूख तुडवला होता. फौजांना रसद पोचवल्याबद्दल त्यांना कधी दाम मिळाला, कधी फटके मिळाले. परंतु उसने मागायला कोणी बादशहा बंजाऱ्यांच्या तांड्यात आल्याची आठवण कुणालाच नव्हती. १९६५च्या दिवाळीनंतर दिग्रसच्या रस्त्याने धूळ उडवीत जीप आली, तिच्यातही बादशहा नव्हता. आमदार विठ्ठलराव होते.

"लढाई थांबली," विठ्ठलराव लिंबाखालच्या खाटेवर उभे राहून म्हणाले, "पण देशाची तिजोरी रिकामी झाली. बाहेरून धान्य आणायचं तर सोनं लागतं. सरकार भीक मागत नाही, मायबहिणींनो. कर्ज मागतं. रोखा देतं, व्याज देतं, आणि सोन्याच्या बदल्यात सोनंच देतं!"

तांड्यात सोने एकाच ठिकाणी होते: बायांच्या नाकात. भुरिया म्हणजे त्यांची भली मोठी नथ. नवरा जिवंत असेतो ती उतरत नाही, आणि उतरली की पुन्हा चढत नाही. त्यामुळे टाळ्या पुरुषांनीच वाजवल्या. बायांचे हात पदराआड नाकाशी गेले.

वयाने सर्वांत मोठी सोनीबाई पुढे आली. "साहेब, बुढा माहा जित्ता हाय. थो पाहा तिथं बिडी पेऊन राह्यला. भुरिया उतरवली तं गाव मले रांड म्हनन. वापस कवा भेटन?"

"अहो, होळीच्या आत!" विठ्ठलराव हसले. "याच भुरिया घालून तुम्ही नाचाल आणि मी स्वतः पाहायला येईन."

हे वाक्य त्यांच्या सचिवाच्या हातातील छापील पत्रकात नव्हते. सचिवाने एकदा पत्रकाकडे पाहिले, मग बराच वेळ आभाळाकडे.

बायांचा विश्वास बसेना, तेव्हा खेमसिंगाने पितळी लोटा मागवला. तांड्याची रीत अशी, की शब्द देणाऱ्याने पाण्यात मीठ टाकायचे, 'बोल फिरवला तर या मिठासारखा विरून जाईन' असे म्हणायचे, अर्धे पाणी स्वतः प्यायचे आणि अर्धे समोरच्याला द्यायचे. ज्याच्या पोटात पाणी, त्याच्यावर शब्द. विठ्ठलरावांना ही कल्पना अतिशय आवडली. त्यांनी मूठभर मीठ टाकले, शपथ खणखणीत आवाजात उच्चारली, छायाचित्र काढवून घेतले आणि लोटा ओठांपर्यंत नेला. तेथे त्यांना पाण्याचा रंग दिसला. सचिव थर्मास घेऊन पुढे झाला. "साहेब उकळलेलंच घेतात."

आलेल्या पाहुण्याची फजिती होऊ नये, एवढ्याच विचाराने खेमसिंगाने लोटा घेतला. आपला वाटा प्याला आणि पाहुण्याचाही प्याला. एवढा मोठा माणूस नाकातल्या नथीसाठी का शब्द मोडेल, असे त्याने स्वतःला समजावले. सतरा बायांनी ते पाहिले. मग सतरा भुरिया एका परातीत पडल्या. त्यातली पहिली त्याच्याच बायकोची, धनीबाईची होती.

वेगवेगळे कागद नकोत म्हणून रोखा एकट्या खेमसिंगाच्या नावाने निघाला. माघात तो हाती आला, तेव्हा खेमसिंग दिग्रसला अब्दुल गनीकडे गेला. गनी कापसाच्या जिनिंगमधली यंत्रे दुरुस्त करी आणि सरकारी कागद वाचण्यातही त्याचा हात बसलेला होता.

"बैठो, नायक. हे तं वापसीचं साल उन्नीस सौ अस्सी लिखेल हाय."

"छासष्ट असन. आकडा चुकला असन."

"सरकारचा आकडा हाय, चुकला बी असन. पन छापून चुकला हाय."

"आन् भुरिया?"

गनीने कागद उलटसुलट पाहिला. "भुरिया कुठंच नाही. वजन हाय. सोनं म्हून सोनं भेटन, पंधरा वर्सानं. दागिना तं कवाचाच भट्टीत गेला असन, भाऊ."

खेमसिंगाने कागदाची घडी पुन्हा होती तशीच घातली. कर्जदार जितका मोठा, तितका सावकार लहान होत जातो, हे अर्थशास्त्र त्याला कुणी शिकवले नव्हते. पुढच्या महिन्याभरात ते तो पायांनी शिकला. विठ्ठलरावांच्या बंगल्यावर तो तीनदा गेला. एकदा साहेब मुंबईत होते, एकदा पूजेत, आणि एकदा बंगल्यात असूनही नव्हते.

इकडे तांड्यात बायांनी नाकाचे भोक बुजू नये म्हणून त्यात लिंबाची बारीक काडी घातली होती. बाजारात इतर तांड्यांच्या बाया त्या काड्यांकडे पाहत, मग त्यांच्या नवऱ्यांकडे पाहत. धनीबाई दर चार दिवसांनी काडी बदलत असे. नवऱ्याला ती काही विचारत नसे. काडी मात्र त्याच्यासमोर बसून बदले.

होळीला दोन दिवस उरले असताना कळले, की बोरी अरबच्या पलीकडे फुलसिंग नायकाच्या तांड्यात विठ्ठलरावांची सभा आहे. खेमसिंग पहाटेच निघाला. पोचला तेव्हा सभा रंगात आली होती. तशीच खाट, तसाच लिंब, तशीच परात. विठ्ठलरावांच्या हातात पितळी लोटा होता, आणि सचिव कोटाच्या खिशातून मिठाची पुडी काढत होता. पुडी कागदात नीट बांधलेली होती. म्हणजे आता ती बरोबर आणण्याच्या वस्तूंत जमा झाली होती.

ही रीत साहेबांना शिकवली कोणी, याचा खेमसिंगाला शोध घ्यावा लागला नाही.

विठ्ठलरावांचे लक्ष गेले. "या, या! हे पाहा आमचे खेमसिंग नायक. यांच्या तांड्यानं सतरा भुरिया दिल्या. विचारा यांनाच, मी शब्दाचा पक्का आहे की नाही!"

सगळ्या माना वळल्या. फुलसिंग नायक म्हणाला, "बोला नायक. तुमी म्हनान तं आमी देतो."

मान हलवणे सोपे होते. या तांड्याच्याही भुरिया गेल्या, पुढच्याही गेल्या, की काडी हाच सगळ्यांचा दागिना होईल आणि मग खेमसिंगाला एकट्याला कोण बोट दाखवणार? हा विचार त्याच्या मनात आला. तो आला याची लाज त्याला नंतर जन्मभर पुरली. समोर एका कोवळ्या सुनेने नाकातल्या भुरियाचा फासा अर्धा सैल केला होता.

तो खाटेपाशी गेला. "साहेब, मीठ टाकलं न तुमी? आता तुमचा वाटा प्या. मंग सांगतो."

"नायक, पोटाचं दुखणं आहे माझं. डॉक्टरांनी…"

"मांगल्या खेपीले तुमचा बी वाटा मीच पेलो. आता माह्या पोटात जागा नाही."

कुणीतरी हसले. विठ्ठलरावही हसले, पण लोटा त्यांच्या हातातच राहिला. सुनेने फासा पुन्हा आवळला. एकेक करून सगळ्या बायांचे हात खाली आले आणि परात रिकामीच राहिली.

जीपपाशी विठ्ठलरावांनी त्याचा दंड धरला. "काय हे नायक? देशाला दिलेल्या कर्जाचा असा तगादा लावतात का? ऐंशी साली सोनं मिळेल. शुद्ध सोनं, व्याजासकट. सरकार बुडवत नाही कुणाला."

"सरकारचं नाही बोलून राह्यलो मी. होळीच्या आत देतो, हे तुमी बोलले होते."

"अहो, ते सभेतलं बोलणं!" विठ्ठलराव समजुतीने म्हणाले. त्यांच्या स्वरात कपट नव्हते. इतकी उघड गोष्ट या माणसाला कळू नये, याचे त्यांना खरोखरच नवल वाटत होते.

तांड्याची होळी पहाटे पेटते. त्या पहाटे माणसे जमली, डफ आले, पण बाया फेर धरीनात. खेमसिंगाने डोक्यावरचा नायकीचा फेटा उतरवून पंचांसमोर ठेवला. "भुरिया वितळल्या. सोनं ऐंशी साली भेटन. पानी मी पेलो होतो."

पंचांतला लखीराम फेट्याकडे हात नेऊ लागला, आणि थांबला. 'उचला, नायक' असे कुणी म्हणाले नाही.

धनीबाई पुढे आली. "ऐंशी साल म्हंजे किती वर्सं?"

"चवदा सरतीन."

"सोनीबाई थवा राहीन का?"

"मी कायची राह्यतो वं," मागून सोनीबाई म्हणाली. "आन् माहा बुढा तं बिडीनंच जाईन."

धनीबाईने नाकातली काडी काढली. कालच बदललेली, अजून हिरवी होती. ती तिने होळीत टाकली.

"बुजू दे मंग," ती म्हणाली.

सोनीबाईने आपली काडी टाकली. मग रुक्माबाईने. ओल्या काड्या लवकर पेटल्या नाहीत. बराच वेळ नुसता धूर निघत राहिला. खेमसिंग त्या धुरात उघड्या डोक्याने उभा होता.