उजवा कौल

त्या वर्षी, म्हणजे ब्याऐंशी साली, पंधरा ऑगस्ट नेमका रविवारी आला आणि रबाळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांची एक हक्काची सुट्टी बुडाली. त्यांची समजूत काढायला मालकानं सहल काढली. पनवेलचं जुनं गाव, तिथलं तळं, आणि गावाबाहेरचं विमानांचं संग्रहालय. बस फुकट, वडापाव फुकट. पाऊसही फुकटच होता आणि तो सकाळपासून जराही हात राखून पडत नव्हता.

त्या कामगारांतल्या कान्हानं आईलाही बसमध्ये बसवलं. गिरजाबाईला विमानांशी काय देणंघेणं? पण घरी राहिली की ती खाडीकडे डोळे लावून बसे, आणि ते त्याला बघवत नसे. सहा वर्षांपूर्वी त्याचा बाप गंगाराम होडी घेऊन गेला, तो आलाच नाही. ना होडी मिळाली, ना प्रेत. तेव्हा गावानं रिवाजाप्रमाणे खाडीदेवाला कौल लावला. तांदळाचे ओले दाणे देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवायचे. आधी उजवा पडला तर माणूस जिवंत. उजवा पडला. तेव्हापासून गिरजाबाईच्या कपाळावरचं कुंकू तसंच होतं आणि हातातला हिरवा चुडाही. बायका पाठीमागे कुजबुजत. कुजबुजोत बापड्या, देवाचा शब्द तिच्या बाजूनं होता.

हा खाडीदेव तसा फार जुना नव्हे. गिरजाबाई लग्न होऊन यायच्या आधी तो तिचे सासरे सिताराम यांच्या जाळ्यात आला होता. छातीएवढा उंच, काळा, जड, वर जाताना पीळ पडलेला. सासऱ्यांनी त्याला ऐरोलीच्या बांधावर उभा केला आणि शेंदूर फासला. लग्न झाल्यापासून तीस वर्षं दर मंगळवारी त्याला तेल चोळलं ते गिरजाबाईनंच.

पनवेलच्या जुन्या गावात कुणाला धड काही दिसलं नाही. छत्र्या सांभाळत, चपला हातात घेऊन मंडळी तळ्यापर्यंत गेली. पावसात पाणी ते काय बघायचं, म्हणून तशीच परत फिरली. संग्रहालयात निदान डोक्यावर पत्रा होता.

दामले नावाच्या हवाई दलातल्या एका निवृत्त अधिकाऱ्यानं ते पदरमोड करून उभं केलं होतं. आत दोन जुनी विमानं, चार इंजिनं आणि भिंतभर फोटो. ‘हात लावू नये’ अशी पाटीही होती, पण गिरजाबाईला वाचता येत नव्हतं. विमानाच्या नाकावरच्या पंख्याचं पातं तिनं सहज चाचपलं. हात खालून वर सरकला, पिळाशी वळला आणि तिथंच थबकला. तो पीळ तिच्या बोटांना पाठ होता.

“माझा मोठा भाऊ असलंच विमान चालवायचा,” दामले लोकांना सांगत होते. “चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात ठाण्याच्या खाडीत पडला. एक तुकडासुद्धा मिळाला नाही. आई होती तोवर त्याचं पान वाढून ठेवायची. आता मी ठेवतो. खाडीकाठचं कुणी आलं की विचारतो, काही सापडलंय का?”

कान्हानंही पातं ओळखलं होतं. त्यानं आईचा दंड धरला. “आई, चल. बस सुटंल.”

गिरजाबाईला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. कुठून याला आजच विचारायचं सुचलं? बोललं तर देव गेला. देव गेला की कौल गेला, आणि कौल गेला की गंगारामही गेला. न बोललं तर कुणाच्या बापाला कळणार होतं? ती दारापर्यंत गेलीही. पण रोज वाढलेलं ते पान काही तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

ती मागे फिरली. “आमचेकडं हाय,” ती म्हणाली. “असाच. आमी देव म्हनून पुजतो.”

दामल्यांनी विमानाचा पंख घट्ट धरला. मग त्यांनी हळूच विचारलं, “आणि तो? तो सापडला का हो?”

गिरजाबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“व्हय. गावला,” ती म्हणाली. “माजे सासऱ्यांनी पोटच्या पोरावानी त्याला अग्नी दिला. राख खाडीन सोडली. तेरा दिस घरान सुतक पालला.”

दामले तिथल्याच एका खोक्यावर बसले आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले. उठताना त्यांनी तिला हात जोडले आणि उद्या सकाळी गावात येतो म्हणाले.

परतीच्या बसमध्ये काचा वाफेनं आंधळ्या झाल्या होत्या. कान्हा म्हणाला, “आई, आजोबांनी कोनाला अग्नी दिलेला? असा काय झालाच नाय.”

“नाय झाला.”

“मग खोटा कशाला बोललीस?”

“त्याला कोनी तरी सांगाया पायजे व्हता,” गिरजाबाई म्हणाली. “मना सहा वर्सांत कोनी सांगितला नाय.” तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “उद्या तो देवाला बघाया येल. त्याचे आधी भटाला बोलव. तुजे बापाचे दिस घालायचे हायत.”