देवीचा कोंबडा कोणी राखला

माझी थोरली जाऊ पंचफुला माझ्यावर जळते हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि मीही काही तिची आरती ओवाळत नाही. समुद्रपूरच्या रस्त्यावर आमचं गाव. दोघींची घरं एका भिंतीची, मागचं अंगण सलग. मध्ये काट्यांचं कुंपण आहे, पण कोंबड्या त्याला जुमानत नाहीत. म्हणून ओळखीसाठी आम्ही त्यांच्या पायात चिंधी बांधतो. तिची हिरवी, माझी पिवळी.

गावात पहिला टेलिफोनचा बूथ निघाला त्या वर्षी पंचफुलाची एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, लंगडायला लागली. मग एक पाय पुढे आणि एक मागे असा ताणून ती जमिनीवरच पडून राहिली. झालं! पंचफुला पदर खोचून माझ्या दारात उभी.

"काऊन वो सुलोचना, मुक्या जीवावर काठी चालवतं? तुये हात झडले नाई?"

"म्या हातबी नाई लावला, बाई."

"मंग काय तिनं सोताचा पाय सोता मोडला?"

तिनं गल्ली गोळा केली. मी कपाळाला हात लावला आणि त्या दिवसापासून माझ्या कोंबड्या डालग्याखाली झाकून टाकल्या. पुन्हा आळ नको. पुढं तलंग मेली असं ऐकलं. मला वाटलं, संपलं.

त्याच आठवड्यात माझ्या ज्योत्स्नाला बघायला केळझरचे पाहुणे आले. मुलगा शाळेत मास्तर. स्थळ आणलं होतं आमच्याच गावातल्या आनंदाबाईनं, ती मुलाची मावशी. मी घर सारवलं, पोहे केले, ज्योत्स्ना माझी जांभळी साडी नेसली. पाहुणे बसले आणि मागच्या दारातून असा वास आला की मुलाच्या आईनं पदर नाकाला लावला तो काढलाच नाही. पोह्यांची ताटली कोणी उचलली नाही. जाताना ती आनंदाबाईला म्हणाली, "घर घाण दिसते." हळू म्हणाली, पण ज्योत्स्नानं ऐकलं. त्यानंतर माझी पोर बरेच दिवस विहिरीवर गेली नाही. मला वाटलं, कुठं घूस मेली असेल.

मग पंचफुलाचा कोंबडा पडला. साधा नव्हे, देवीचा. सुनेचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून तिनं तो मरीमायला बोलला होता. नातू झाला, आता आषाढात आखाडीच्या सणाला कोंबडा द्यायचा होता. आमच्या गावात असा कोंबडा जिवंत असेपर्यंत बदलता येत नाही, आणि तो स्वतःच्या पायानं देवीपुढं उभा राहावा लागतो. याचे पाय लुळे पडले होते, मान जमिनीला टेकलेली.

"जहर देल्लं! माह्या नातवावर उठली हे!" पंचफुला ऊर बडवायला लागली.

नेमका त्या दिवशी ढोरांचा डॉक्टर बैलांना टोचायला गावात आला होता. मीच त्याला हाताला धरून आणलं. म्हटलं, होऊन जाऊ दे निवाडा.

त्यानं कोंबड्याची मान उचलून सोडली. ती ओल्या फडक्यासारखी खाली पडली. मग त्यानं आधीच्या तलंगीबद्दल विचारलं.

"एक पाय पुढे, एक मागे? तो रोग आहे. कोंबडीची कोंबडीला लागण होते. त्यावर औषध नाही, पिल्लू निघाल्याबरोबर लस द्यावी लागते. काठीचा संबंध नाही. हा मात्र वेगळा आहे. इथं जवळ काही मेलेलं सडतंय का? त्यातल्या अळ्या खाल्ल्या की विष भिनतं आणि कोंबडी मान टाकते."

मला पाहुण्यांच्या दिवशीचा वास आठवला. मी दाताळं घेतलं आणि मागच्या दाराजवळचा माझा उकिरडा उकरला. शेणाखाली वळवळत्या अळ्या आणि त्यांच्यात ती तलंग. पायाला हिरवी चिंधी.

पंचफुलाचं तोंड पांढरं पडलं. "पाव्हणे येनार होते म्हून टाकली. तुयी जिरवाची होती," ती पुटपुटली.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या दाताळ्यानं तिचं डोकं फोडावं असंच वाटलं. माझ्या पोरीनं दाराआड बसून काढलेले दिवस हिच्या हातचे होते!

"डॉक्टरसाहेब, जाऊ द्या त्याले," पंचफुला म्हणाली. "मेला त मेला. म्या दुसरा आनतो."

हे ऐकलं आणि मला लख्ख दिसलं. कोंबडा मेला तर गोष्ट इथंच पुरली जाणार. कारण आमच्याकडे कोंबडा देताना भगत सगळ्यांसमोर विचारतो, कोणी राखला, याला काय काय झालं. मरीमायपुढं खोटं बोलायची कोणाची छाती नाही.

मी कोंबडा पोटाशी धरला. "हा मरत नाई, बाई. म्या मरू देत नाई."

डॉक्टरनं सांगितलं तसं सगळं केलं. तलंग खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली, तीही पंचफुलाच्याच हातानं. कोंबड्याला जुलाबाच्या मिठाचं पाणी थेंब थेंब पाजलं, सावलीत गोणपाटावर ठेवलं, मान फडक्याच्या घडीवर टेकवली, कूस बदलत राहिले. पोटच्या पोराचं केलं नाही एवढं केलं. मायेनं नव्हे. प्रत्येक थेंबाला मी मनात म्हणत होते, ऊठ, तुला साक्ष द्यायची आहे.

आणि तो उठला. आधी मान, मग पाय. आखाडीला आरवायलाही लागला.

मरीमायच्या ओट्यापुढं गाव जमलं होतं. आनंदाबाईला मी मुद्दाम पुढं बसवलं. पंचफुलानं कोंबडा खाली ठेवला, तो खणखणीत उभा राहिला. बंडूजी भगतानं कुंकू लावत विचारलं, "कोनं राखला? काय झालतं याले?"

पंचफुला माझ्याकडे पाहू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला जरासुद्धा दया आली नाही.

"सुलोचनानं राखला," ती म्हणाली. "म्या मेलेली तलंग तिच्या उकिरड्यात टाकलती. पाव्हणे येनार होते म्हून."

ओठांतल्या ओठांत म्हणाली. आनंदाबाईनं ऐकू येईना म्हणून कानामागं हात धरला.

"मोठ्यानं सांगजो, बाई," मी म्हटलं. "केळझरले आयकू गेलं पायजे."